शून्य आण्यांचा घसा

महाराजांच्या राज्यात पैलवानाची छाती मापायची रीत होती, बैलाची शिंगं मापायची होती, पण माणसाचा घसा आतून मापायची नव्हती. ती डॉक्टर हेरवाडकरांनी आणली. मुंबईहून शिकून आल्यावर त्यांनी शिवाजी पेठेत दोन खोल्यांत दवाखाना मांडला आणि तोंड उघडं टाकून श्वास घेणाऱ्या पोरांचा अभ्यास सुरू केला. अशा पोरांच्या नाकामागं, पडजिभेच्या वरच्या अंगाला, मांस वाढतं. नाक बंद होतं, मग कान बंद होतात, आणि पोर मठ्ठ आहे असं मास्तर ठरवून टाकतात. इंग्रजीत त्याला अ‍ॅडिनॉइड म्हणतात. कोल्हापुरात 'ह्येचं ध्यान कुठं हाय' असं म्हणत.

नाकामागची जागा किती भरली आहे, हे डॉक्टर पिकाची आणेवारी करावी तसं आण्यांत सांगत. चार आणे, आठ आणे, बारा आणे. आठाच्या वर गेलं की कापायचं. पण भरलेलं मोजायचं तर आधी एक मोकळं रान नजरेसमोर पाहिजे. ते रान म्हणजे ख्वाजा कल्हईवाला.

ख्वाजा तिथं रोगी म्हणून गेलाच नव्हता. घशात घालून नाकामागं बघायचा डॉक्टरांचा पावलीएवढा आरसा दांडीपासून निखळला होता, तो त्यानं डाख देऊन बसवला. नीट बसलाय का बघायला डॉक्टरांनी तो जवळच्या तोंडात घातला. जवळचं तोंड ख्वाजाचं होतं. दुसऱ्या कुणाला उमळून आलं असतं. ख्वाजा मात्र ढिम्म बसून राहिला, कारण त्याच्या इतकं जवळ येऊन बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं, आणि डॉक्टर बोलत होते.

"वा. काय घसा आहे. सगळे पैलवान जत्रेला गेल्यावर तालीम असते, तसा."

त्या दिवसापासून दर बुधवारी सकाळी ख्वाजाला बोलावणं ठरलं. आधी त्याचा घसा बघायचा, तो शून्य धरायचा, मग एकेक पोर घ्यायचं. ख्वाजापेक्षा जेवढं जास्त, तेवढे आणे. वहीत दर बुधवारच्या पानावर पहिली ओळ त्याची असे: 'ख्वाजा, वय बेचाळीस, निरोगी.' त्याला वाचता येत नव्हतं. पण ती ओळ कशी दिसते हे त्याला पाठ होतं, आणि एकदा पिराजी कंपाउंडरनं ती जरा वाकडी काढली तेव्हा त्याला दिवसभर चैन पडलं नव्हतं.

बाकीचे सहा दिवस मोजण्यासारखे नव्हते. त्याची बायको बिबीजान प्लेगच्या साली गावाबाहेरच्या झोपड्यांत गेली ती परतलीच नाही, त्याला बारा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. तो दिवसभर बोळाबोळांतून ओरडत हिंडे. बायका भांडी टाकत, कल्हई झाली की उचलत, आत तोंड दिसतंय का बघत, आणि दिसलं की निघून जात. ख्वाजाचं तोंड बघायचं कुणाच्या डोक्यात येत नसे. घरी आल्यावर भात्याशी बोलावं म्हटलं तर तो नुसते उसासे टाकी.

पावसाळा सरता सरता एकदा नमाजाआधी वजू करताना, मानेवरून ओला हात फिरवताना, त्याच्या डाव्या कानाखाली काहीतरी लागलं. हरभऱ्याएवढं. त्यानं फार मनावर घेतलं नाही. पण वजू दिवसातून पाच वेळा करायची असते, त्यामुळं विसरायची सोय नव्हती. थंडीत हरभऱ्याचं बोर झालं. डाव्या कानात दडा बसला. सकाळच्या थुंकीत लाल धागा येऊ लागला.

दुसऱ्या कुणाला यातलं काही कळलं नसतं. ख्वाजाला सगळं कळत होतं, कारण डॉक्टर पिराजीला शिकवत तेव्हा तो शेजारीच बसलेला असे. "पोरांचं हे मांस साधं असतं," डॉक्टर सांगत, "पण मोठ्या माणसाच्या मानेत न दुखणारी गाठ असेल, एकाच कानात दडा असेल आणि थुंकीत रक्त येत असेल, तर नाकामागं वाईट गाठ आहे असं समजायचं. दुखत असतं तर बरं म्हणायचं. न दुखणारीच वाईट." ख्वाजाकडं तिन्ही होती. आपल्याला एवढं व्यवस्थित दुखणं होईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

सांगायचं म्हटलं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते सांगितलं की पहिली ओळ जाणार होती. आणि निरोगी नसलेल्या कल्हईवाल्याला बुधवारी कोण बोलावतंय? त्यानं गळ्याला रुमाल गुंडाळला आणि चैत्र आला तरी सोडला नाही.

"ख्वाजाभाई," पिराजी म्हणाला, "म्हशी जाऊन पंचगंगंत बसल्यात, आनि तुमी रुमाल गुंडाळतायसा?"

"भात्याम्होरं बसतुया मी. घामात वारं लागतंय."

"म्हशीला सांगतो."

आता डॉक्टर दर बुधवारी त्याच जागी आरसा घालून बघत होते, तर त्यांना ते दिसलं कसं नाही? रोज बघणाऱ्याला पोर वाढलेलं कळत नाही, तसंच हे. आठवड्याला ज्वारीच्या दाण्याएवढी वाढ. आणि शून्य एकदा शून्य ठरल्यावर ते किती आहे हे मोजायला कोण जातंय? शून्य गुपचूप फुगत गेलं. त्याचा परिणाम असा झाला की कोल्हापूरची पोरं बुधवारागणिक आपोआप बरी होऊ लागली. बारा आण्यांचं पोर दहावर आलं, दहाचं सातावर. डॉक्टर खूश झाले. पंचगंगेच्या पाण्यात काहीतरी गुण असावा असा निबंध त्यांनी लिहायला घेतला, नदीचं पाणी बाटलीत भरून मुंबईला तपासायलाही धाडलं.

चैत्रातल्या एका बुधवारी कोडोलीची चिमणाबाई आपल्या बनीला घेऊन आली. बनी सात वर्षांची. कार्तिकात तिचे दहा आणे भरले होते आणि डॉक्टरांनी कापायला सांगितलं होतं. 'गुऱ्हाळ उरकू द्या,' म्हणून चिमणाबाई गेली होती ती आता भाकरीचं गठुडं आणि पोरीचा जादा परकर घेऊन, तयारीनं आली होती.

डॉक्टरांनी आधी ख्वाजाच्या घशात आरसा घातला, मग बनीच्या.

"पाच आणे," ते म्हणाले. "उतरलंय. कापायची गरज नाही. घरी न्या."

"उतरलंय?" चिमणाबाई म्हणाली. "डाक्टर, पोरगी घोराय लागली की गोठ्यातला बैल हुबा ऱ्हातोय. तुमी म्हंतायसा उतरलंय."

"मी डोळ्यानं बघितलं, बाई."

"मी कानानं ऐकतीया. हाक मारली तर वळत न्हाय. परवा गाडी अंगावर आली, गाडीवान बोंबलतोय, ही आपली पुढंच बघत हुबी. बापानं हाताला धरून वडली म्हनून हाय ही."

"ख्वाजाच्यापेक्षा पाचच आणे जास्त आहे. हा माणूस बघा. निरोगी आहे."

चिमणाबाईनं ख्वाजाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "माझ्या पोरीचं उघडं हाय ते तोंड बघून तुमी झाकायचं म्हंतायसा, आनि ह्येचं झाकल्यालं उघडून बघतायसा. ह्यो कोन लागून गेलाय?"

पिराजी फिसकन हसला. ख्वाजा हसला नाही. बनी त्याच्याकडं पाठ करून भिंतीवरची पाल बघत होती. तो हळूच म्हणाला, "बने." वळली नाही. जरा मोठ्यानं म्हणाला. नाही. मग त्यानं बोळात ओरडायच्या आवाजात म्हटलं, तेव्हा शेजारच्या वाड्यातून कुणीतरी 'आज नको' असं ओरडलं, आणि बनी पाल बघत राहिली.

कार्तिकात दहा. आता पाच. मधले पाच कुठं गेले हे त्या खोलीत एकट्या ख्वाजाला माहीत होतं. ते त्याच्या नाकामागं होते. एवढंच असतं तरी त्यानं कदाचित आणखी एक बुधवार काढला असता. पण चिमणाबाई गठुडं बांधायला लागली होती. कोडोली लांब. एकदा गेली की पोरगी परत यायची नव्हती, आणि गाडीवान दरवेळी बोंबलेलच असं नव्हतं.

त्यानं रुमाल सोडला, त्याची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"डाक्टर," तो म्हणाला, "शून्य चुकलंय."

डॉक्टरांनी त्याच्या मानेकडं बघितलं. मग आरसा पुन्हा दिव्यावर गरम केला आणि त्याच्या तोंडात घातला. या वेळी ते बोलले नाहीत. आरसा आत असल्यामुळं ख्वाजालाही बोलता येत नव्हतं. आरसा बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "किती आनं?"

"सहा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाच आणि सहा अकरा. पिराजी, पोरीला आत घे. आणि पावसाळ्यापासून आपण घरी पाठवलेल्या सगळ्या पोरांची नावं काढ."

"सगळ्या? साठ तरी भरतील, डॉक्टरसाहेब."

"काढ."

चिमणाबाई ख्वाजाकडं बघत होती. "कवापास्नं हाय ह्ये?" तिनं विचारलं.

"हरभरा हुता तवापास्नं."

ती पोरीला घेऊन आत गेली. कापायचं काम मोजून एक मिनिटाचं, पण गुंगीचं औषध चढायला वेळ लागतो. तेवढ्यात डॉक्टरांनी वहीतली पहिली ओळ खोडली आणि मागं, रोग्यांच्या भागात, कोरं पान काढलं. रोग्यांच्या पानावर निरोगी माणसाला विचारत नाहीत असे बरेच प्रश्न होते.

"घरी कोण?"

"कोन न्हाय."

"जवळचं कुणी? निरोप धाडायला लागला तर?"

ख्वाजानं मनातल्या मनात सगळी पेठ हिंडून काढली. प्रत्येक घरातलं प्रत्येक पातेलं त्याला आठवलं, कुठल्याचा कान तुटका, कुठल्याला पोच. "कल्हईवाला म्हटलं की वळखत्यात समदी," तो म्हणाला.

"त्यातलं एक नाव सांग."

"नावं मला न्हाईत म्हाईत. त्यास्नी बी माझं न्हाय."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. नवी ओळ त्याला ओळखता आली नाही. "काय लिवलं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. मान इकडं कर."

"ह्येला औषध हाय का?"

"बघू," डॉक्टर म्हणाले, आणि उत्तर तेच होतं हे दोघांनाही कळलं. "पुण्यामुंबईला लिहून बघतो. तू बुधवारी ये."

"बुधवारीच?"

"रोज ये, वाटलं तर."

मग त्यांनी दोन्ही हात त्याच्या मानेवर ठेवले. दोन वर्षं ते त्याच्या घशात बघत होते, पण मधे कायम आरसा असे. बाराएक वर्षांत त्या मानेला त्याच्या स्वतःच्या हाताखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

"हात गार हायती," ख्वाजा म्हणाला.

डॉक्टरांनी हात एकमेकांवर चोळले, कोटाला पुसले, आणि पुन्हा ठेवले. बोटं गाठीभोवती हळूहळू फिरली.

"दुखतं?"

दुखत असेल तर बरं, हे डॉक्टरांचंच म्हणणं होतं. म्हणून ख्वाजानं घाईनं उत्तर दिलं नाही. डोळे मिटून, नीट मन लावून, त्यानं थोडा वेळ वाट बघितली.

"न्हाय," तो म्हणाला.