सिदूची बॅटरी

“उघडू नको तिला, शहादेवा,” साखराबाई म्हणाली. “नुसतं सांग, आजून किती सांजा पेटंल?”

खुंटीवरच्या बॅटरीकडे गेलेला माझा हात थांबला. कडा गावच्या बाजारात मी रेडिओ-बॅटऱ्या दुरुस्त करतो. वस्तू उघडू नको म्हणणारं गिऱ्हाईक मला पहिलंच भेटलं.

बॅटरी तिच्या नवऱ्याची, सिदूची. दुष्काळात पाणी आटलं तेव्हा तो सोसायटीच्या विहिरीत गाळ काढायला उतरला आणि दरड कोसळली. बाहेर काढला तेव्हा जीव गेलेला, पण बॅटरी मुठीतच होती, बटण दबून चालूवर अडकलेलं. साखराबाईने ती पत्र्याखाली टांगली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती आपली आपण पेटायची आणि जरा वेळाने विझायची. गावाने संध्याकाळी त्या बोळातून जाणंच सोडलं होतं.

“भूत-बीत काय न्हाई, मावशी,” मी शहाणपणा केला. “दिवसा पत्रा तापतो, आतली पट्टी सुटती, सेलला इसावा मिळतो. गार झालं की पट्टी परत टेकती. मीटर लावला तर सेल चांगला दावंल. पण जुन्या सेलच्या आतच अडथळा लई वाढलेला असतो. दिव्यानं मागितलं की ताकद आतल्या आतच जिरती.”

“म्हंजी मागितलं न्हाई तर ऱ्हातो?”

“ऱ्हातो.”

“मला वाटलंच. म्हणून मी लई बोलतच न्हाई. एकच इचारते, तवर इझतो.”

हसायला हवं होतं, पण मी घाईनं पिशवीतले सेल काढले.

“नवे सेल टाकू का? आणलेत मी.”

“मग ती नुसती बॅटरी व्हईल.”

“ह्ये सेल आता संपत आले, मावशी. आजची सांज निघाली तर निघाली.”

दिवस बुडाला. पत्रा कुठेतरी कडकन वाजला आणि खुंटीवर पिवळा उजेड पडला. सगळं ठाऊक असूनही मी दोन पावलं मागे सरलो. साखराबाई उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीसमोर उभी राहिली.

“लई लागलं का वो तुमाला?”

उजेड तांबूस झाला. रोज ती हेच विचारत असणार, आणि रोज उत्तराआधी अंधार होत असणार. मला ते सोसवेना.

“न्हाई,” मी म्हणालो. “कळलंबी न्हाई.”

तो आवाज माझा वाटला नाही. कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. दिव्यातली तार लाल झाली आणि विझली.

साखराबाई माझ्याकडे वळली नाही.

“बरं,” ती भिंतीला म्हणाली. “जावा मग आता.”