बुटकं दार

“पुढे व्हा सगळे, मी मागून येतो. आणि कोणी काही विचारायचं नाही. पुढे गंमत आहे,” बंबराव म्हणाले आणि भुयाराच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बेटावरच्या डोंगरात कोरलेला तो पुरातन महाल जणू त्यांनीच पहाटे उठून खोदून ठेवला होता.

बंबराव हे नाव गल्लीने ठेवलेलं. इस्पितळाच्या तळघरातला बॉयलर त्यांनी जन्मभर सांभाळला. तो इतका लाडावलेला, की परका हात लागला की शिंकायचा. एकदा बंबराव तापाने घरी पडले, तर हा पठ्ठ्या रुसून गार पडला आणि इस्पितळाच्या चादरी ओल्याच राहिल्या. खोटं वाटत असेल तर तिथल्या धोब्याला विचारा. मग सुट्टी कुठली? बेटाची सहल दरवेळी पुढच्या वर्षावर जायची.

जेवताना मात्र बंबराव रोज बेटावर जात. याच्या तोंडून थोडं ऐकलेलं, त्याच्या तोंडून थोडं, वर पदरचं बरंच. दाराशी दगडी सिंह, आत कुजबुजीचं दालन: या कोपऱ्यात पुटपुटलं की पार त्या कोपऱ्यात ऐकू येतं! मुलं घास विसरत. बायको विचारी, “मग पुढे काय?”

एकच गोष्ट त्यांनी राखून ठेवली होती. भुयाराच्या शेवटी एक बुटकं दार होतं. पलीकडचा उजेड दिसतो, पण वरची शिळा काळोखात विरघळून जाते. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना तिथवर न्यायचं आणि आयत्या वेळी ओरडायचं, ‘वाका!’

आज त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

बायको लेकीशी बोलता बोलता पदर सावरून वाकली आणि पलीकडे गेली. तिच्यामागे लेक गेली, तीही वाकून. ताडमाड मुलगा नावेतला कुठलासा विनोद सांगत होता. वाक्य न तोडता तोही कमरेत वाकला.

बंबरावांचं तोंड तसंच उघडं राहिलं. ते तसेच पुढे झाले आणि शिळेने त्यांच्या कपाळावर असा टोला हाणला की पलीकडचं कुजबुजीचं दालन घुमलं.

“अहो! लागलं का?”

“बाबा, वाकायचं नाही का!”

बंबराव कपाळ चोळत मुलाकडे बघत राहिले. पलीकडच्या उजेडात त्याच्या भुवईवरचा जुना व्रण स्पष्ट दिसत होता. लहानपणी मामाकडे जिन्यावरून पडला होता म्हणे. ते सगळे मामाकडे गेले होते, तेव्हा बॉयलरची तपासणी होती. परत आले ते रापून. बंबरावच हसले होते, “मामाच्या गच्चीवर ऊन फार दिसतंय!” पिशवीतून वाळू निघाली तेव्हा लेक म्हणाली होती, “मामाकडे बांधकाम चाललंय.”

“तू त्या कोपऱ्यात जा,” ते बायकोला म्हणाले. “भिंतीला कान लाव.”

मुलं खांबांवरची नक्षी बघायला पांगली. बंबरावांनी आपल्या कोपऱ्यात दगडाशी तोंड नेलं.

“तो जिन्यावरून पडला होता ना?”

मग त्यांनी दगडाला कान लावला.

“मामाच्या खांद्यावर बसला होता,” दगडातून बायकोचा आवाज आला. “त्या बुटक्या दाराच्या शिळेलाच आपटला. अहो, किती वर्षं वाट बघायची? मुलं मोठी होत चालली होती.”

“मग सांगायचं होतं.”

“सांगणार होते. आलो त्याच रात्री तुम्ही जेवायला बसलात आणि सिंहांपासून सुरुवात केलीत.”

“आणि मग रोज? ‘मग पुढे काय’?”

“तुमचं बेट जास्त चांगलं होतं हो. खरंच.”

बंबरावांनी भिंतीवरचा कान काढला. पलीकडून आणखी काही येत असेल, तर ते दगडातच राहिलं.

ते बुटक्या दाराशी आले. भुयारातून नव्या नावेतल्या माणसांचा गलका ऐकू येत होता. त्यांनी हात वर केला आणि शिळेच्या कडेखाली तळवा धरला. एक जाडा गृहस्थ आला, त्याचं डोकं मऊ तळव्यावर आपटलं. “अरेच्चा! आभारी आहे हं!” मग एक आजी आल्या, मग एक नवपरिणीत जोडपं. एकेक डोकं तळव्याला लागून वाकत होतं.

“बाबा, निघू या? नाव सुटेल,” लेक म्हणाली.

“चला.”

ते बाजूला झाले, पण हात तसाच धरून ठेवला. लेक गेली, मुलगा गेला. शेवटी बायको थांबली, त्यांच्या कपाळावरच्या टेंगळाकडे बघितलं, आणि वाकली.

तळव्याला कोणाचा केससुद्धा लागला नाही.