फळीपलीकडचा प्रश्न

चिंतामणशास्त्र्यांनी टेबलावर छडी आपटली.

“पुन्हा. सगळ्यांनी. मोठ्यानं.”

“देवः, देवौ, देवाः,” इंग्रजी चौथीच्या पोरांनी सुरुवात केली. हे रूप त्यांनी नुकतंच दोनदा म्हटलं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं. पुढच्या बाकावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांची नजर पोरांवर होती, पण कान शेजारी लागलेले होते. दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, फळ्या ठोकलेल्या होत्या. पलीकडे सहावीला शितप मास्तर शास्त्र शिकवत होते.

क्षणापूर्वी त्या फळ्यांमधून एका मुलीचा आवाज आला होता. स्वच्छ, न घाबरलेला.

“मग देवाला काम काय उरलं?”

सहावीत मुली तीनच, एका बाकावर बसणाऱ्या. त्यातल्या दोघी वर्गात तोंड उघडत नसत. तिसरी मालिनी, शास्त्रीबुवांची मुलगी.

“देवम्, देवौ, देवान्,” पोरांनी कौलं हादरवली. सप्तमी, संबोधन सगळं संपलं तेव्हा पलीकडून बाक सरकल्याचे आवाज तेवढे येत होते. मास्तरांनी जे काही उत्तर दिलं असेल, ते देऊन झालं होतं.

संध्याकाळी घरी शास्त्रीबुवांनी अंगणाकडे नजर ठेवली. मालिनीनं तुळशीपुढे दिवा लावला, नमस्कार केला. ती रोज किती वेळ वाकत असे आणि आज किती वेळ वाकली, हे त्यांना आठवून सांगता येईना.

त्या वर्षांत रत्नागिरीत वादाला तोटा नव्हता. देवळात कोणी यावं, कोणाच्या पंगतीला कोणी बसावं, पोथी खरी की प्रयोग खरा, यावर सभा होत आणि माणसं घरी जाताना रस्त्यातही भांडत जात. शाळा तेवढी यातून सुटली आहे असं शास्त्रीबुवांना वाटे. त्या प्रश्नाच्या चौथ्या दिवशी शाळेच्या मंडळाकडे एका पालकाचं पत्र आलं. शितप मास्तर काचेच्या बरणीत जिवंत मासा घालून वर्गात आणतात, माणसाचे पूर्वज चिखलातून वर आले असं शिकवतात, आणि कोवळ्या मुलांना म्हणतात, मग देवाला काम काय उरलं?

मुख्याध्यापकांनी मास्तरांना बोलावून विचारलं. मास्तर म्हणाले, “वाक्य माझ्या वर्गात उच्चारलं गेलं. वर्ग माझा आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पासाहेब जोग शास्त्रीबुवांच्या ओटीवर येऊन बसले. जोग गावातले नावाजलेले वकील आणि शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. यमुनाबाईंनी आमसुलाचं सरबत आणून ठेवलं आणि त्या दाराआड उभ्या राहिल्या.

“पोरांना साक्षीला उभं करणं मला पसंत नाही,” आप्पासाहेब म्हणाले. “तुमचा वर्ग शेजारचा. मध्ये काय ती एक फळी. सोमवारी मंडळापुढे या आणि काय ऐकलंत ते सांगा. तुमच्या शब्दावर गावात कोणी शंका घेणार नाही.”

“मास्तरांचं काय होईल?”

“महिनाअखेर मोकळे. हुशार आहे हो माणूस, मुंबईत चिकटेल कुठेतरी.”

शास्त्रीबुवांना ठाऊक होतं की तसं होणार नाही. महिपत शितप हा अलोऱ्याच्या कुणब्याचा मुलगा. बाप मुंबईच्या गिरणीतून खोकत परत आलेला. त्या गावातून बी. एस्‌सी. झालेला हा पहिला, आणि नास्तिक म्हणून काढलेल्याला दुसरी शाळा उभी करत नाही.

“आणि ते दुसरं,” आप्पासाहेबांनी आवाज उतरवला. “आमच्या वहिनींना त्यांच्या मुलासाठी मालिनी मनापासून आवडली आहे. माघात उरकून टाकू. मुलगी शिकलेली चालेल म्हणाल्या, फक्त वळणाची हवी. मी म्हटलं, शास्त्रीबुवांची मुलगी, तिच्या वळणाचं मी काय सांगू?”

दाराआड यमुनाबाईंच्या बांगड्या वाजल्या. शास्त्रीबुवांनी सरबताचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर शास्त्रीबुवा आणि शितप मास्तर भाट्याच्या खाडीवर फिरायला जात. सहा वर्षांचा नेम. त्या शनिवारी शास्त्रीबुवा जाणार नव्हते, पण पाय तिकडेच वळले. ओहोटी लागलेली होती. मास्तर काठाशी उकिडवे बसून बरणी रिकामी करत होते. बरणी शाळेत ठेवायची नाही, असा हुकूम झाला होता. बोटाएवढा निवटा मासा चिखलावर पडला, पुढच्या परांवर रेलून क्षणभर थांबला आणि उड्या मारत गेला.

“बघा शास्त्रीबुवा. मासा आहे, पण पाण्याबाहेर त्याचं अडत नाही.”

“मला तुमचा मासा दाखवू नका,” शास्त्रीबुवा म्हणाले. “त्या माडाच्या शेंड्यावर गोड पाणी कोण चढवतं, ते सांगा. डोळ्यातली बाहुली मसुराएवढी, तिच्यात ही सगळी खाडी मावते. हे आपोआप झालं? कुंभारावाचून मडकं झालेलं कोणी पाहिलं आहे?”

“मडक्याला पिल्लं होत नाहीत, शास्त्रीबुवा. ह्याला होतात. पिल्लं आईसारखीच असतात, पण वाईच वेगळी असतात. त्या वाईचमध्येच सगळं आलं.”

“आणि ते वाईच कोण घालतं?”

“ते मला ठाऊक नाही.”

एरवी हा वाद इथवर आला की दोघंही हसत आणि परत फिरत. आज कोणी हसलं नाही.

“तुम्ही मुख्याध्यापकांना नाव का सांगितलं नाहीत?”

“कसलं नाव?”

“मास्तर, मी बहिरा नाही.”

मास्तरांनी बरणी विसळली, पाणी ओतून दिलं, पुन्हा भरली.

“मी गावाहून निघालो की माझी आय वाघजाईला नारळ देते. मी तिला कधी अडवलं नाही. पोरीच्या मनात आलं ते तिनं विचारलं. त्यासाठी तिचं नाव मंडळाच्या दप्तरात लिहू? उद्या तिच्या लग्नात ते आडवं येईल.” मग ते उभे राहिले. “तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी काय सांगायचं नाही ते माझं ठरलेलं आहे.”

परतताना शास्त्रीबुवा दहा पावलं पुढे चालत होते. त्यांना राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. मास्तरांनी गयावया केली असती तरी चाललं असतं. धमकी दिली असती तर फारच बरं झालं असतं. देव न मानणाऱ्या माणसानं आपल्या घरावर उपकार करावा आणि त्याची वाच्यताही करू नये, हे त्यांना सोसवेना.

सोमवारी पूजेत शास्त्रीबुवांनी उचललेलं तुळशीपत्र पुन्हा तबकात गेलं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, ‘फळीआडून नीटसं ऐकू आलं नाही.’ असं म्हटलं तर मुलगी वाचते. मास्तरांवर आपण दोष ठेवला असंही होत नाही. मंडळ जे ठरवील ते मंडळाचं. ते वाक्य त्यांनी दोन-तीन तऱ्हांनी जुळवून पाहिलं. मग आपण हे कोणासमोर बसून जुळवतो आहोत ते ध्यानात आलं आणि ते आसनावरून उठले.

मंडळ मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलं होतं. पाच माणसं, मधोमध आप्पासाहेब. शितप मास्तर खिडकीपाशी उभे होते. त्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

“शास्त्रीबुवा, पत्रातलं वाक्य तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं.”

“शब्दशः?”

“शब्दशः.”

आप्पासाहेबांनी लेखणी शाईत बुडवली.

“पण ते शितपांनी म्हटलं नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले.

लेखणी कागदाच्या वर थांबली. खिडकीपाशी उभ्या मास्तरांनी वळून पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको, अशी. शास्त्रीबुवांनी ती पाहिली.

“मग कोणी म्हटलं?”

आप्पासाहेबांनी उत्तराची वाट न पाहता चांगल्या मनानं पळवाट पुढे केली. “फळीआडचा आवाज, शास्त्रीबुवा. माणूस ओळखू येईलच असं नाही. आठवत नसेल तर तसं म्हणा. कोणी ताणणार नाही.”

“आठवतं. आवाज माझ्या मुलीचा होता. मालिनीचा.”

बाहेर शिपायानं घंटेचा टोला दिला, तो नेहमीपेक्षा जवळ वाटला.

“ती म्हणाली की तिनं विचारलं?” मंडळातले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

“विचारलं.”

“आणि मास्तरांनी उत्तर काय दिलं?”

“ते मी ऐकलं नाही. मी माझ्या वर्गाला मोठ्यानं म्हणायला लावलं होतं.”

प्रश्न मास्तरांकडे वळला. मास्तर म्हणाले, “उत्तर मी दिलं नाही, साहेब. तो प्रश्न माझ्या विषयातला नव्हता.”

अर्ध्या तासानं निकाल लागला. शितप मास्तर राहतील. तो धडा यापुढे वगळावा. जिवंत प्राणी शाळेत आणू नयेत. शास्त्रीबुवा निघाले तेव्हा आप्पासाहेब पायरीपर्यंत सोडायला आले. चांगले वागले ते.

“मी वहिनींना पत्र घालतो,” ते म्हणाले. “त्यांना काय कळवायचं ते बघतो.”

“सगळंच कळवा,” शास्त्रीबुवा म्हणाले.

फाटकापाशी मास्तर थांबले होते. “शास्त्रीबुवा, हे करायला नको होतंत.”

“तुम्ही जे करत होतात, ते मला विचारून करत होतात का?”

दोघं दोन रस्त्यांना लागले.

बातमी शास्त्रीबुवांच्या आधी घरी पोचली होती. यमुनाबाई चुलीपुढे बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. डोळे पुसले ते धुरानं की कशानं, ते विचारायचं धैर्य शास्त्रीबुवांना झालं नाही. त्यांनी हातपाय धुतले आणि मागच्या पडवीत आले. मालिनी सुपाऱ्या सोलत बसली होती. वडलांना पाहून ती उठली. तिचा चेहरा उतरला होता, पण मान खाली नव्हती.

“अण्णा, आई म्हणते माझ्यामुळे झालं.”

“बस.”

ती बसली. तेही समोरच्या पाटावर बसले. तिच्याशी असं समोरासमोर बसून ते कधी बोलले होते? पाठांतर घ्यायला बसत, ती लहान असताना. ती म्हणायची आणि हे चूक काढायचे.

“मंडळाला मास्तर म्हणाले, त्यांनी तुला उत्तर दिलं नाही. खरं का?”

“खरं.”

“काहीच बोलले नाहीत?”

मालिनीनं हातातली सुपारी फिरवली. “म्हणाले, शास्त्र कसं झालं ते सांगतं, देवाचं शास्त्राला काही ठाऊक नाही. मग हसले आणि फळीकडे बोट केलं. म्हणाले, तुझे वडील रोज त्याच्याशी बोलतात. माझी त्याची ओळख नाही. त्यांना विचार.”

कुंपणापलीकडे कोणीतरी गुरांना हाकारत होतं.

“मग का विचारलं नाहीस?”

“विचारणार होते.” ती चाचरली. “पण तुमचा वर्ग फार मोठ्यानं म्हणत होता. मला वाटलं, तुम्ही ऐकलंत, आणि हेच तुमचं उत्तर.”

शास्त्रीबुवांना माड आठवला, डोळ्यातली बाहुली आठवली, कुंभार आठवला. गेली बावीस वर्षं हे सगळं ते न अडखळता सांगत आले होते. समोर बसलेल्या मुलीच्या तोंडाकडे पाहून त्यातलं एकही वाक्य त्यांनी उच्चारलं नाही.

“आता विचार,” ते म्हणाले.

मालिनीनं सूप बाजूला सरकवलं. तिनं प्रश्न पुन्हा सांगितला, त्या दिवशीपेक्षा हळू, आणि त्याच्यामागचे आणखी दोन प्रश्नही सांगितले, जे वर्गात सांगायला वेळ मिळाला नव्हता. शास्त्रीबुवा मधे बोलले नाहीत. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी कपाळावरून हात फिरवला. तिसऱ्याला ते म्हणाले, “थांब, हे पुन्हा सांग.”

अंगणात सावल्या लांबल्या. देवघरात पळी-पंचपात्र मांडून झालं होतं. यमुनाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही.

“संध्येची वेळ झाली,” त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांना हे सांगावं लागलं नव्हतं.

“झाली असेल,” शास्त्रीबुवा मान न वळवता म्हणाले. “आज उशीर होईल.”