दोरीचं दावं

हर्षाली दहा महिन्यांची झाली, तरी तिला उचलताना माझ्या कमरेत कळ यायची. एकदा ती हातातून निसटता निसटता राहिली. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी आधी पाठीचे व्यायाम दिले, मग दोरीवरच्या उड्या.

आज दोरी सापडली शेळीच्या गळ्यात, लेंड्यामुतानं चिकट झालेली. मी ती सोडवून घेतली.

"आत्या, माझ्या दोरीचं दावं केलंत?"

"उड्यांनी गर्भाची पिशवी खाली उतरती," सासूबाई म्हणाल्या. "बाईमाणसाला शोभतं व्हय?"

"डॉक्टरांना विचारलंय. तुमच्यासारखं कंबर धरून न्हाय चालायचं मला."

कमरेवरचा हात त्यांनी गुपचूप खाली घेतला.

दोरी तीनदा साबणानं धुतली, तरी वास जाईना. तशीच उड्या मारू लागले. ओले शिंतोडे ओठांवर उडत होते. मी तोंड घट्ट मिटून मोजत राहिले.