विसरलेली लाल पट्टी

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे, आणि आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. माझ्यासमोर दोन शहाणी माणसं तावातावाने भांडत आहेत. भांडण मला वाजवणाऱ्या तुफानवरून आहे. खरं काय ते मला ठाऊक आहे, पण करू काय? काळे-पांढरे अठ्ठ्याऐंशी दात आहेत, जीभ नाही!

कारखान्यातून मी थेट एका नाचाच्या हॉलमध्ये आलो. लोक माझ्या डोक्यावर खुशाल ओले पेले ठेवायचे. मग तिथे तुफान आला. रॉक अँड रोल हे नाव तेव्हा नवंकोरं होतं आणि मोठी माणसं ते ऐकून नाकं मुरडायची. तुफान उभ्याने वाजवायचा, स्टूल लाथेने उडवायचा आणि मला असा बडवायचा की हाडं खिळखिळी व्हावीत. तरी तो आला नाही की मला करमायचं नाही.

माझी काळजी घेणारा वेगळाच होता. सूर लावणारा, अबोल आणि काटेकोर. माझ्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा. एक तार जुळवताना शेजारच्या गप्प राहाव्यात म्हणून तो त्यांच्यात लोकरी कापडाची लांब लाल पट्टी खोचायचा. काम संपत आलं की आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारीख लिहायची आणि मग पट्टी काढायची, ही त्याची रीत.

तुफानचं गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं, त्या सकाळी तो सूर लावत होता. तारीख लिहून झाली, तोच निरोप आला, बायकोला दवाखान्यात नेलंय. तो तसाच धावला. पट्टी माझ्या पोटातच राहिली!

मी घाबरून अर्धा झालो. तुफानने माझ्या दातांवर हात टाकला, तर नेहमीच्या खणखणाटाऐवजी आवाज निघाला ठक्-ठक्, दबका, दारावर कुणी घाईने थाप मारावी तसा. सगळे हबकले. तुफानने झाकण उघडून आत पाहिलं आणि तो खदखदून हसला. "राहू दे! असंच वाजवणार!" म्हणाला. त्या ठक्-ठक् ठेक्याने पुढे जग वेडं झालं.

तुफानने सूर लावणाऱ्याला तीन निरोप धाडले. निरोप्या प्रत्येक वेळी एवढंच सांगायचा, "पट्टीबद्दल बोलावलंय." त्या भल्या माणसाला वाटलं, आता आपली धडगत नाही. तो पुन्हा हॉलची पायरी चढला नाही. तुफान वाट बघून थकला आणि एक दिवस जगातूनच गेला. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो, ते आत्ता या संग्रहालयात आलो.

इथे माझ्याशेजारी पाटी लावायची आहे, म्हणून हे भांडण. प्राध्यापकबाई म्हणतात, "आजचा प्रत्येक बँड तुफानचा ऋणी आहे. हा आवाज त्याच्याच डोक्यातून निघाला." रेडिओवाले गृहस्थ म्हणतात, "कसलं डोकं घेऊन बसलात? पियानो बिघडलेला होता. आंधळ्याच्या हाती लागला ससा!" दोघंही अर्धंच बोलतात आणि माझा नुसता तडफडाट होतो.

एवढ्यात संग्रहालयाने बोलावलेली सूर लावणारी बाई आली. सोबत तिचे म्हातारे बाबा. त्यांना पाहिलं आणि माझ्या तारा थरथरल्या, तोच तो! ते मात्र माझ्याकडे पाहीनात. बाईने पुढची फळी काढली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, कुण्या वेंधळ्याने आत पट्टीच ठेवली! लाज कशी वाटली नाही?" म्हणत तिने पट्टीचं टोक धरलं.

मेलो, वाटलं मला! ती पट्टी गेली की माझा आवाज गेला.

"थांब गं," बाबा म्हणाले. "तो वेंधळा मीच. तू जन्मलीस त्या दिवशी. त्या माणसाचं गाणं नासवलं मी. पंचावन्न वर्षं ते लागलं की रेडिओ बंद करत आलो."

बाईने पट्टीचं टोक सोडलं. मग तिने आत बॅटरी मारली. लाकडावर बाबांच्या अक्षरात तिचीच जन्मतारीख होती आणि खाली दुसऱ्या कुणाचं वेडंवाकडं अक्षर. तिने मोठ्याने वाचलं, "पट्टीला कुणी हात लावायचा नाही. ज्याची आहे त्याला भेटून पाया पडायचंय. येतच नाही लेकाचा! तुफान."

बाबा मटकन स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. शेवटी रेडिओवाल्यांनी खिशातल्या फोनवर ते गाणं लावलं. बाबांनी पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "पोरगा वाजवायचा झकास. पण वरचे दोन सूर उतरलेत. घाईत होतो ना मी."

मित्रांनो, चूक एकाची होती, तिच्यातली गंमत ओळखणारा कान दुसऱ्याचा. पाटीवर आता तुफान आणि बाबा, दोघंही असणार आहेत. जुन्या वस्तूतून काही उपटून फेकण्याआधी आत जरा उजेड पाडून बघा. आणि कुणाचे उपकार मानायचे असतील, तर निरोप धाडत बसू नका रे. स्वतः उठून जा.