ब्याऐंशीवर अडलेला आकडा

मी एक जुना डिह्युमिडिफायर आहे, मित्रांनो. नाव मोठं, काम साधं. हवेतली ओल ओढायची आणि पोटातल्या टाकीत पाणी साठवायचं.

या घरातल्या बाईंच्या छातीला ओल सोसत नसे, म्हणून मला आणलं. रोज संध्याकाळी सातला त्या स्टुलावर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवत, त्यात बाम टाकत आणि डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत. हवेतल्या ओलीचा माझ्यावरचा आकडा ब्याऐंशी टक्क्यांवर जाई, तासाभरात उतरे. त्या हसून म्हणत, "मी ओल करते, हा पुसतो. आमच्या ह्यांच्यापेक्षा बरा, सांगावं लागत नाही."

एका संध्याकाळी वाफ अर्धी टाकून त्यांना दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत. माझा आकडा ब्याऐंशीवर होता, तो तिथंच राहिला.

मी अखंड चालू लागलो. टाकी कोरडी, तरी मला वाटे, त्या समोरच बसल्या आहेत. मी खोटं बोलत नव्हतो, मित्रांनो. मला तसंच जाणवत होतं. त्यांचे यजमान माझ्याकडे बघत आणि हळूच म्हणत, "आलीस का? बस."

एकदा लेकीनं ऐकलं.

"बाबा, कुणाशी बोलताय?"

"यंत्राशी."

"यंत्राला कुणी 'आलीस का' म्हणतं?"

दुसऱ्या दिवशी तिनं मेकॅनिक बोलावला.

त्यानं जाळी धुतली, टाकी काढून बसवली. मग स्वतःचं छोटं मीटर माझ्याशेजारी ठेवलं. त्याचं सत्तेचाळीस, माझं ब्याऐंशी. मला गॅलरीतल्या कडक उन्हात नेलं, तरी ब्याऐंशीच.

"सेन्सर गेलाय." त्यानं पाठ उघडून नखाएवढा तुकडा काढला आणि नाकाशी धरला. "बामाचा थर बसलाय. घरात कुणी वाफ घ्यायचं का?"

"ही घ्यायची," यजमान म्हणाले. मग विचारलं, "बदलायलाच हवा का?"

"काका, नाहीतर हा असाच पळत राहील आणि एक दिवस जळेल."

त्यांनी मान हलवली. जुना तुकडा मात्र मागून घेतला.

नव्या सेन्सरनं सत्तेचाळीस दाखवलं. लेकीला हायसं वाटलं. मला खोली रिकामी दिसली, पहिल्यांदाच. आठ दिवस यजमान आकडा बघून नुसतेच वळत.

नवव्या दिवशी सातला त्यांनी स्टुलावर पातेलं ठेवलं, बाम टाकला आणि समोर बसले. टॉवेल मांडीवर तसाच घडी केलेला. आकडा चढत चढत ब्याऐंशीवर गेला. या वेळी तो खरा होता. त्यांनी 'आलीस का' विचारलं नाही. वाफ संपेपर्यंत बसले, मग उठून खिडकी उघडली. सकाळी माझी टाकी भरली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलून नेली.

मित्रांनो, आम्हाला वाफेपासून लांब ठेवा. आमचा सेन्सर महिन्यातून एकदा मऊ, कोरड्या कापडानं पुसा. पण पुसण्याआधी एकदा वास घेऊन बघा.