चाकावरची निळी खूण

कारखान्यातल्या बाकी सगळ्यांची नोकरी हातांवर चालायची, धाकटीची मात्र कानांवर. पंपांचे ओतीव भाग घासायला लागणारी दगडी चाकं यंत्रावर चढण्याआधी तिच्या खोलीतून जायची. खोली म्हणजे कोपऱ्यातला काचेचा बंद डबा. आत एक टेबल, एक स्टूल आणि एक लाकडी हातोडी. चाक डाव्या हाताच्या बोटावर अडकवायचं, हातोडीनं चार ठिकाणी टकटक करायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर निळ्या खडूची खूण करून पुढे, बद्द वाजलं तर लाल फुली मारून बाद. आपण मडकं वाजवून घेतो तसंच. फरक इतकाच, की तडकलेलं मडकं नुसतं गळतं, आणि तडकलेलं चाक मिनिटाला तीन हजार फेरे घ्यायला लागलं की त्याच्या ठिकऱ्या उडतात. समोर कोण उभं आहे, याच्याशी त्या ठिकऱ्यांना काही देणंघेणं नसतं.

त्या स्टुलावर तिच्या आधी तीस वर्षं तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या थोरल्या, म्हणून ही धाकटी. निवृत्त व्हायच्या आधी तीन महिने सासूबाईंनी तिला घरीच शिकवलं होतं. वाट्या, ताटल्या, कपबश्या, जे हाताला लागेल ते दोघी वाजवत बसायच्या. नवरा म्हणायचा, "या घरात जेवण कमी आणि वाजवणंच जास्त." पण तिचा कान तयार झाला. पाठ करून उभं केलं तरी केसाएवढा तडा ओळखायची. अख्ख्या कारखान्यात असा कान दुसरा नव्हता, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. थोडी मिजासही होती, खोटं कशाला बोला?

घासणीच्या खात्यात सगळ्यात जुना माणूस म्हणजे मिनिटमामा. डावा डोळा नव्हता. नवीन चाक चढवलं की मामा यंत्र सुरू करून बाजूला सरकायचे आणि पूर्ण एक मिनिट नुसतं फिरू द्यायचे. इतरांनाही उभं करायचे. कुणी कुरकुर केली की डोळ्याच्या खोबणीकडे बोट दाखवायचे. "एकतीस वर्षांपूर्वी मी घाई केली. मिनिटभर थांबलो नाही. चूक माझीच. तुम्ही करू नका." नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी ऐकावं लागायचं. धाकटीला तर त्यांनी पुढचंही सांगितलं होतं. "तुझी सासू दवाखान्यात आली होती मला बघायला. तुझा नवरा तेव्हा पोटात. धाय मोकलून रडली गं. सख्खी बहीण एवढी रडली नाही. परक्यासाठी कोण रडतं एवढं?"

धाकटीला सहावा महिना संपत आला आणि तिचे कान बंद झाले.

आधी वाटलं पाणी गेलं असेल. मग वाटलं सर्दी. पण हे वेगळंच होतं. बाहेरचं जग भिंतीपलीकडे गेल्यासारखं झालं आणि आतला सगळा गोंगाट कानाशी आला. घास चावला की खडी फोडल्यासारखा आवाज. स्वतःचा श्वास भात्यासारखा. तोंडातून शब्द काढला की डोक्यात घुमायचा, म्हणून ती हळू बोलायला लागली. इतकी हळू, की फोरमनसाहेब वैतागले. "अहो बाई, मोठ्यानं बोला. गुपित सांगताय का मला?" तिला तर वाटलं होतं की आपण ओरडतोय.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीनं कान पाहिले आणि हसून तिचं पोट थोपटलं. नाकाकडून कानाकडे जाणारी एक वाट असते, गरोदरपणात ती कधीकधी मिटतच नाही, उघडीच राहते. बाळंत झालात की जाईल. तोवर आडवं व्हा, डोकं खाली घाला, बरं वाटेल. डॉक्टरीणबाईंच्या दृष्टीनं गोष्ट किरकोळ होती. तिचं काम काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

फोरमनला सांगणं हे खरं तर पहिलं काम. पण सांगितलं की स्टुलावर दुसरी बसणार, आणि एकदा बसलेली कोण कशाला उठेल? बांधणी खात्यातली एक बाई बाळंतपणाला गेली, परत आली तर तिची जागा गेलेली, ती अजून झाडू मारत होती. कान जाणं परवडेल, पण स्टूल जाणं नको, असं धाकटीला वाटलं. आता ऐकताना हे वेड्यासारखं वाटतं, पण त्या खोलीत बसलेल्या बाईला ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

मग तिनं युक्ती काढली. चाक बोटावर घ्यायचं, चपलेचा पट्टा नीट करायला वाकावं तसं टेबलाखाली वाकायचं, डोकं गुडघ्यांशी न्यायचं. दोन श्वास गेले की कान टपकन सुटायचे आणि जग आत शिरायचं. तेवढ्यात टकटक चार वेळा. डोकं वर केलं की दार पुन्हा बंद. काचेतून बघणाऱ्यांना वाटायचं, बिचारीला मळमळतंय. मामांनी तर तिच्यासाठी एक बादली आणून ठेवली.

पण पोट काही थांबत नव्हतं. दिवसागणिक वाकणं अवघड होत गेलं. शंका आली की ती सरळ लाल फुली मारायची, तर फोरमन तेही मोजायला लागले. "रोज दोन-तीन बाद व्हायची, काल अकरा? चाकं बिघडली की तुमचा कान?" ते हसत म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा बाहेर गेला होता. ती खाटेवर आडवी पडली होती, मान काठावरून खाली सोडून. तशी पडली की सगळं स्वच्छ ऐकू यायचं. सासूबाई खाली बसून भाजी निवडत होत्या.

"आई, माझे कान बंद झालेत. अडीच आठवडे झाले."

सासूबाईंचे हात थांबले. "स्वतःचाच आवाज घुमतो? वाकलं की सुटतं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मलाही झालं होतं. तुझ्या नवऱ्याच्या वेळी." त्या पुन्हा भाजी निवडू लागल्या. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. मी निभावलं, तूही निभावशील."

धाकटी तशीच लटकत्या मानेनं त्यांच्याकडे बघत राहिली. तो चेहरा उलटा दिसत होता. मामांचं बोलणं तिला आठवलं. तुझा नवरा तेव्हा पोटात. धाय मोकलून रडली.

"आई, मामांचं ते चाक कुणी पाहिलं होतं?"

सासूबाईंनी भाजीतलं एक पान उचललं. त्याचे बारीक बारीक तुकडे करत राहिल्या.

"मी," त्या म्हणाल्या. "चार ठिकाणी वाजवलं. काहीच ऐकू आलं नाही. वाकायचा कंटाळा आला होता गं त्या दिवशी, पाठ मोडली होती. म्हटलं, शंभरात एखादं निघतं, नेमकं हेच कशाला निघेल? आणि निळी खूण केली."

"आणि मामा म्हणतात त्यांनी घाई केली."

"दवाखान्यात सांगायलाच गेले होते मी. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, माझीच चूक, थांबायला हवं होतं. मग मला शब्द फुटेना. आणि एकदा तो दिवस टळला, की नंतर कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"एकतीस वर्षं तो माणूस स्वतःला दोष देत बसलाय, आई. तुम्ही त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलात!"

"प्यायले," सासूबाई म्हणाल्या. "गोड नाही लागला कधी."

धाकटीला त्यांचा राग आला, किळसही आली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्यांच्या जागी ती स्वतःला अगदी स्पष्ट पाहू शकत होती. उद्या कामावर गेल्या गेल्या फोरमनना सांगायचं, असं तिनं तिथल्या तिथे ठरवलं.

पण उद्याची सकाळ आपल्या ठरवण्यावर थोडीच उजाडते? ती पोचली तेव्हा फोरमन दारातच उभे, शेजारी चाळीस चाकांचं खोकं. यंत्रांच्या गोंगाटात हातवारे करून त्यांनी समजावलं, की माल अडलाय, चहाच्या सुट्टीआधी सगळी हवीत. तिनं तोंड उघडलं, तोवर ते वळलेही होते. चहाच्या सुट्टीत सांगू, ती मनाशी म्हणाली. दोन तासांनी असं काय होणार आहे?

वीस चाकं वाकून झाली. एकविसाव्याला डोळ्यांसमोर अंधारी आली. बाळानं आतून अशी ढुशी मारली की ती टेबलाला धरून सरळ झाली. त्यानंतरची चार चाकं तिनं ताठ बसूनच वाजवली. बोटावर चाकाची थरथर जाणवली, ती बरी वाटली. शेवटच्याचं लेबल अर्धं फाटलेलं होतं. त्यावर निळी खूण करताना खडू तुटला. मग अंधारी ओसरली आणि बाकीची ती पुन्हा वाकून करू लागली. ती चार परत वाजवायची, असं तिनं ठरवलं होतं. मदतनीस बाई येऊन भरलेला ट्रे घेऊन गेली, ते तिला टेबलाखाली डोकं असल्यामुळे दिसलंच नाही.

वर आली तेव्हा टेबल रिकामं होतं.

ती खोलीबाहेर धावली. पोट दोन्ही हातांनी सावरत यंत्रांच्या रांगेतून निघाली. ट्रेतली बाकीची चाकं मांडणीवर होती. एक मामांच्या यंत्रावर फिरत होतं. फाटलेलं लेबल फिरण्यात दिसत नव्हतं, पण मांडणीवर ते नव्हतं, म्हणजे तिथेच होतं. मामा शिस्तीत बाजूला उभे राहून मिनिट मोजत होते.

"मामा, बंद करा!" ती ओरडली. तिच्या डोक्यात तो आवाज असा गडगडला की तिचेच डोळे मिटले. एवढं ओरडल्यावर सगळा कारखाना थांबायला हवा होता. डोळे उघडले तर एकही मान वळलेली नव्हती. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस जे ती ओरडणं समजत होती ते कुजबुजणं होतं, आणि आजही ती कुजबुजलीच होती. तिनं पुन्हा छाती भरून घेतली. मामांचं मिनिट संपलं. ते पुढे झाले आणि लोखंडाचा तुकडा त्यांनी चाकाला टेकवला.

तिला स्फोट ऐकू आला नाही. नुसता पायाखाली धक्का बसला.

मामा खाली पडले होते. यंत्राच्या झाकणानं बऱ्याच ठिकऱ्या अडवल्या होत्या, सगळ्या नाही. उजवा हात कोपराखाली बघवत नव्हता. ती त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली, ओढणी सोडून हाताला आवळून बांधायला वाकली, डोकं अगदी खाली गेलं, आणि तिचे कान सुटले. माणसांची धावपळ, कुणाचं तरी रडणं, थांबत चाललेली यंत्रं, सगळं एकदम आत आलं. आणि मामांचा आवाज, अगदी जवळ, अगदी स्वच्छ.

"माझंच चुकलं, पोरी. मिनिट पुरतं मोजलं नसेल मी."

डॉक्टरांनी हात कोपरापासून काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत फोरमन वही घेऊन दवाखान्यात आले. धाकटी आणि सासूबाई आधीच तिथे होत्या. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून रडत होत्या. एकतीस वर्षांपूर्वीही अशाच रडल्या असतील. धाकटीकडे वळून त्यांनी ओठांवर हलकेच बोट ठेवलं.

फोरमननी मामांना काहीतरी विचारलं. मामांनी मान हलवली, डावा हात छातीवर टेकवला. ते काय म्हणाले हे समजायला धाकटीला कानांची गरज नव्हती. फोरमन ते लिहायला लागले.

धाकटीनं श्वास घेतला. आज ती डोक्यातल्या आवाजावर विसंबणार नव्हती. घसा फाटेपर्यंत बोलायचं आणि समोरच्यांचे चेहरे बघायचे, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"लिहू नका! चाक मी पास केलं. मला तीन आठवडे ऐकू येत नाहीये. मी न ऐकता खूण केली!"

फोरमनचं पेन थांबलं. पलीकडच्या पलंगावरचा रोगी उठून बसला. नर्स दारात आली. म्हणजे आवाज पोचला होता. मामा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. त्यांची इतक्या वर्षांची चूक कुणी हातातून काढून घेत होतं आणि ती कशी सोडायची, हे त्यांना कळत नव्हतं.

धाकटी सासूबाईंकडे वळली. नुसती बघत राहिली, हटली नाही.

सासूबाईंनी ओठांवरचं बोट खाली घेतलं. पदरानं तोंड पुसलं. पलंगाचा दांडा धरून त्या मामांच्या उशाशी गेल्या आणि बोलू लागल्या. त्यांचे ओठ हलताना धाकटीला दिसत होते. बराच वेळ हलत होते, मध्ये थांबत होते, पुन्हा हलत होते. शब्द एकही तिच्यापर्यंत आला नाही. वाकली असती तर आला असता, पण ती ताठ उभी राहिली. ते शब्द तिच्यासाठी नव्हते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी उरलेला हात डाव्या डोळ्याच्या खोबणीवर नेऊन ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भेटायची वेळ संपल्याचं सांगायला नर्स आली, तरी त्यांनी ते परत वळवलं नाही.